टर्बो आणि कांडी

चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाला जिथे उतार लागतो तिथे, एका बंद टपरीखाली, डिसेंबरच्या थंडीत एक तांबडी कुत्री व्यायली. पाच पिल्लं झाली. पुलावरून रात्रंदिवस गाड्या सुटलेल्या. फेब्रुवारी उजाडेपर्यंत पाचांतली दोनच उरली. शेजारच्या चहावाल्यानं येणाऱ्याजाणाऱ्याच्या मागे लकडा लावला, "घेऊन जा हो कुणीतरी, नाहीतर हीसुद्धा जातील." शेवटी एकाच रविवारी दोन्ही पिल्लं उचलली गेली. कुत्रा गेला समोरच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर. कुत्री गेली टॉवरला लागून असलेल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर.

टॉवर जिथे उभा आहे तिथे पूर्वी गिरणी होती. चाळीतले आबा त्या गिरणीच्या साचाखात्यात तारवाले होते; साच्यावर तुटलेली तार जोडायची, हे त्यांचं काम. बदलीवर लागले, कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांबरोबर बाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढची पंचवीसेक वर्षं वॉचमनकीत गेली. आधी साच्यापुढे उभं राहून आणि मग फाटकापुढे उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले. आता वय ६८. जिना उतरताना एक हात कठड्यावर, एक काठीवर.

पिल्लू घरात आणलं ते आबांच्या नातीनं. सूनबाईंचा सक्त विरोध होता. दहा बाय बाराची खोली, त्यात माणसं पाच. "आता हिला ठेवायचं कुठे, मोरीत?" आबांनी मिटवलं, "गॅलरीत माझ्या खुर्चीखाली राहील." पिल्लू साच्यावरच्या सुताच्या कांडीसारखं स्वतःभोवती गरागरा फिरायचं, म्हणून आबांनी नाव ठेवलं कांडी.

कुत्रा नेणाऱ्या टॉवरवाल्यांची चाळीत 'साहेब' म्हणूनच ओळख होती. वय बत्तीसच्या आसपास, संगणकाच्या कंपनीत नोकरी, आणि दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, तीही अर्धी नव्हे, पुरी ४२ किलोमीटरची. हातात घेतलं ते तडीला न्यायचं, हा माणसाचा स्वभाव. पिल्लू घरी येण्याआधी त्यांनी दोन पुस्तकं वाचून काढली, भिंतीवर तक्ता लावला. लसी वेळच्या वेळी, महापालिकेचा परवाना वेळच्या वेळी. नाव ठेवलं टर्बो. पाचव्या महिन्यात टर्बो 'सिट' म्हटलं की बसायचा, हात पुढे केला की पंजा द्यायचा, लिफ्टचं दार पुरतं उघडेपर्यंत थांबायचा. साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, त्याचे व्हिडिओ काढून माहेरी पाठवायच्या.

कांडीला पाचव्या महिन्यात यातलं काहीही येत नव्हतं. तिला शिकवायला वेळ होता कुणाला? पहाटे नळाला पाणी येई. पिंप, हंडे, कळश्या भरून झाल्या की आबा तिला घेऊन खाली उतरत आणि साने गुरुजी मार्गाच्या फुटपाथवरून कस्तुरबा हॉस्पिटलच्या दिशेनं शे-दोनशे पावलं जात. दोरी ताणली गेली की आबा उभे राहत. त्यात काही युक्ती नव्हती. ओढीबरोबर चालत राहिलं तर गुडघ्यातून कळ जाई. कांडी मागे वळून बघे, दोरी सैल पडे, मग आबांचं पाऊल पुढे पडे. वाटेत प्रत्येक खांब, प्रत्येक झाडाचं आळं, बंद दुकानाची प्रत्येक पायरी ती सावकाश हुंगे. आबांना तेवढाच दम खायला वेळ मिळे. दोघंही खूश.

संध्याकाळी आबा गॅलरीत खुर्ची टाकून 'नवाकाळ' वाचत. दोरीचं टोक खुर्चीच्या पायाखाली. गॅलरीतून बादल्या जात, पोरं धावत, भाजीवाली टोपली उतरवे, कुणाचा तरी जावई येई. सुरुवातीला कांडी प्रत्येकाच्या मागे झेपावली, कुईकुई केली, दोरी चावली. आबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पण ती आपण होऊन पोट टेकून पडली की वरून चपातीचा एक तुकडा तिच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये पडे. शाबासकी नाही, हाक नाही, काही नाही. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आणि तुकडा. आठवड्याभरात कांडीच्या ध्यानात आलं की धावलं तर काहीच मिळत नाही आणि पडून राहिलं तर आकाशातून चपाती पडते.

रात्री नातीचा एक खेळ चाले. अॅल्युमिनियमच्या पाच-सहा वाट्या जमिनीवर उपड्या घालायच्या आणि त्यातल्या दोनखाली उकडलेल्या अंड्याचा कण ठेवायचा. कांडी नाकानं शोधून वाटी उलटी करी. दहा मिनिटं हा उद्योग झाला की ती जी झोपे ती पहाटे नळाच्या आवाजानं उठे.

असे चार-पाच महिने गेले आणि पाऊस धरला. आठवा महिना लागला तशी दोन्ही भावंडं बिघडली.

दोन्ही, हे मुद्दाम सांगायला हवं. कांडी काही संत निघाली नाही. तिनं आबांची एकुलती एक चांगली चप्पल खाल्ली. गॅलरीच्या दोरीवर वाळत घातलेली सूनबाईंची साडी ओढून तिच्या चिंध्या केल्या. शेजारच्या काकूंचे वाळवणाचे पापड तुडवले आणि त्यावरून चाळीत दोन दिवस अबोला झाला. हाक मारली की कान हलवायची आणि दुसरीकडे बघायची. सूनबाई म्हणाल्या, "बघा, मी सांगितलं होतं." आबा म्हणाले, "वय आहे." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच शे-दोनशे पावलं, तीच ताणली की थांबणारी दोरी, संध्याकाळी तीच खुर्ची. फरक केला तो एवढाच की चपला पोटमाळ्यावर गेल्या आणि साड्या वरच्या दोरीवर.

टॉवरमध्येही तेच चाललं होतं, फक्त वस्तू महाग होत्या. टर्बोनं सोफ्याची कड कुरतडली, लॅपटॉपची वायर तोडली. 'सिट' म्हटलं की तो साहेबांकडे असा बघे की हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडला आहे. लिफ्टमध्ये एका आजींच्या पदराला लोंबकळला. सोसायटीची नोटीस आली. साहेबांनी तक्ता काढला. कुत्रेवाल्या मंडळींत एक वाक्य प्रसिद्ध आहे: कुत्रा दमला की शहाणा होतो. साहेब तर धावणारेच. तीन किलोमीटरचे पाच केले, पाचाचे आठ. पहाटे गाडीत घालून वरळी सीफेसला न्यायचं, तिथे पळवायचं. संध्याकाळी टॉवरच्या पोडियमवर चेंडू फेकायचा, हात दुखेपर्यंत.

पहिल्या आठवड्यात गुण आला. टर्बो घरी येऊन आडवा होई. दुसऱ्या आठवड्यात पाण्यावर तोंड मारून लगेच उठू लागला. चौथ्या आठवड्यात आठ किलोमीटर धावून आल्यावर तो चेंडू तोंडात धरून दारात उभा राही. साहेबांनी मॅरेथॉनसाठी स्वतःच्या शरीराला जी तालीम दिली होती तीच कुत्र्याला दिली होती. त्याचा दमसास वाढला यात नवल ते काय! चेंडू हातात दिसला की डोळे विस्फारायचे, नाही दिसला की भुंकायचा. झोप उडाली. मग एक ट्रेनर ठेवला. ट्रेनरपुढे टर्बो सैनिकासारखा बसे, उठ म्हणेपर्यंत उठत नसे. ट्रेनर लिफ्टमध्ये शिरला की इकडे साहेबांची बाही टर्बोच्या तोंडात. साहेबांना ते फार लागलं. सोफा गेला त्याचं काही नव्हतं. पण परक्याचं ऐकतो आणि आपलं ऐकत नाही?

लसीच्या निमित्तानं दोघांची गाठ पडली ती परळला, बैलघोड्यात. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल हे कागदावरचं नाव. गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांनी १८८० च्या दशकात पत्नीच्या नावानं ते उभारायला पैसे दिले. बैल आणि घोडे मुंबईच्या रस्त्यावरून कधीचे गेले, तरी गिरणगावच्या तोंडी ते बैलघोडा हॉस्पिटलच राहिलं. आबा नातीबरोबर बाकावर बसले होते. कांडी एका मांजराच्या पिशवीकडे बघून भुंकली, उठली, फिरली, आणि पुन्हा बाकाखाली जाऊन पडली. तेवढ्यात टर्बो साहेबांना ओढत आत आला.

साहेबांनी कांडीकडे बघितलं, रंगावरून आणि कानांवरून ओळखलं. "आबा, ही त्याची बहीण ना? किती किलोमीटर पळवता हिला?"

"मी? पळवतो?" आबांना हसू आवरेना. "साहेब, मी स्वतः चालतो हेच नशीब समजा. आमच्या रस्त्यावरच्या जेलच्या भिंतीपर्यंत पोचलो तरी त्या दिवशी पेढे वाटायचे."

"मग ही मुळातच शांत असणार."

"शांत?" नात मध्येच म्हणाली. "काका, घरी चला, आईची साडी दाखवते."

आतल्या डॉक्टरबाईंनी साहेबांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. त्यांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. अंधांची वाटाड्या म्हणून तयार होणारी कुत्री त्यांनी पाचव्या महिन्यात पाहिली आणि आठव्या महिन्यात पाहिली. 'बस' ही आज्ञा पाचव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्याची जितकी ऐकत होती, तितकी आठव्या महिन्यात ऐकेनात. परक्या माणसानं सांगितलं तर मात्र बसत. बाराव्या महिन्याच्या सुमारास गाडी पुन्हा रुळावर येत होती. "थोडक्यात, तो तुमच्यावर उलटलेला नाही. तुम्ही त्याचे आईबाप आहात, म्हणून तुमच्याशीच हुज्जत घालतो. अशाच वयात लोक कुत्री सोडून देतात. चार महिने कळ काढली असती तर निभावलं असतं. आणि एवढं पळवू नका. हाडं-सांधे अजून वाढीला आहेत. त्याला हुंगू द्या, झोपू द्या."

साहेबांनी संशोधन लक्षात ठेवलं, शेवटची तीन वाक्यं सोडून दिली. माणूस डॉक्टरांचं ऐकतो ते आपल्याला पटेल तेवढंच.

गणपती जवळ आले. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाचा दिवस ठरला. १९२० पासूनचं मंडळ. त्या दिवशी लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत मुंगी शिरायला जागा नसते आणि ढोल-ताशांनी खिडक्यांच्या काचा थरथरतात. साहेबांनी विचार केला: सकाळीच टर्बोला नेहमीपेक्षा जास्त पळवावं, म्हणजे दुपारी वाजायला लागेल तेव्हा तो गाढ झोपलेला असेल. वरळीला नववा किलोमीटर चालू होता. पावसानं फुटपाथ बुळबुळीत झालेला. कठड्यावर कावळा उतरला आणि टर्बोनं झडप घातली. साहेब आडवे. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर.

दुपारी ढोल सुरू झाले. टर्बो दमलेला होता, पण दमलेलं आणि निवांत या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळलं. रडवेलं झालेलं तान्हं पोर झोप आलेली असून झोपत नाही, तसं त्याचं झालं. तो रात्रीपर्यंत या खोलीतून त्या खोलीत धावत राहिला. पडदे ओढून काढले. आवरायला गेलेल्या वहिनींच्या मनगटावर दात उमटले.

चाळ तर मिरवणुकीच्या आणखी जवळ. कांडीही थरथरत होती. आबांनी त्या दिवशी तिला खाली फक्त शी-शूपुरतं नेऊन आणलं. दार-खिडकी लावली, पंखा आणि टीव्ही मोठ्यानं लावला, खाटेवरची चादर जमिनीपर्यंत सोडली आणि नातीनं खाटेखाली वाट्या मांडल्या. कांडीनं दोन वाट्या उलटल्या, मग थरथरली, मग आणखी एक उलटली. रात्री ढोल लांब गेले तेव्हा तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतः टर्बोला घेऊन चाळीचा जिना चढल्या. मनगटाला पट्टी. "आबा, आता हे तरी तुम्ही बघा, नाहीतर मला याला कुठेतरी पाठवायला लागेल."

आबा म्हणाले, "एकटा नको. साहेबांनापण आणा. प्लास्टरसकट."

त्या दिवसापासून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन खुर्च्या आणि एक स्टूल दिसू लागलं. स्टुलावर साहेबांचा प्लास्टरमधला पाय, मांडीवर लॅपटॉप, खुर्चीच्या पायाखाली टर्बोची दोरी. शेजारी आबा, पेपर आणि कांडी.

पहिल्या दिवशी टर्बो इतका भुंकला की चाळीतली बाळंतीण खोलीबाहेर येऊन बघून गेली. साहेब दर दोन मिनिटांनी "टर्बो, सिट! टर्बो, नो!" म्हणत. आबांनी विचारलं, "बसायला शिकवलंय का त्याला?"

"शिकवलंय ना. सिट म्हटलं की पूर्वी बसायचाच."

"ते बसणं नव्हे साहेब. ती पुढच्या उठण्याची तयारी. बसला की बिस्कीट, बिस्कीट खाल्लं की चेंडू, चेंडू आला की पळ. नुसतं बसायला कधी मिळालंय त्याला?"

साहेब गप्प झाले. पण सवय जाते कुठे? फोन थरथरला की साहेब खुर्चीत दचकून सरळ होत, आणि त्याच क्षणी टर्बो उठून उभा राही. आबा दोन दिवस ते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रागावू नका. आधी तुमचा फोन आत ठेवू या. तुम्ही उठता म्हणून तो उठतो."

फोन सूनबाईंच्या डब्यांच्या फळीवर गेला. त्या संध्याकाळी भाजीवाली येऊन गेली, क्लासची पोरं दडदडत उतरली, शेजारच्या काकू बादली घेऊन गेल्या. टर्बोनं बराच वेळ प्रत्येकाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि एक मोठा सुस्कारा टाकून हनुवटी जमिनीला टेकवली. साहेब लगेच "गुड बॉय!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात आबांनी त्यांचा हात दाबला आणि चपातीचा तुकडा हळूच पुढे सरकवला. साहेबांनी तो टर्बोच्या पायांमध्ये टाकला, न बोलता. त्यांना घामच फुटला होता.

"पण आबा," एकदा साहेबांनी विचारलं, "याच्या अंगात रग आहे ती बाहेर पडायला नको का?"

"रग वाईट कोण म्हणतं? रग नसती तर जंजीर झाला असता का?"

जंजीर म्हणजे मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रेडॉर. जानेवारी १९९२ चा जन्म. पुण्यात शिकला आणि डिसेंबरात पथकात आला. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले तेव्हा तो जेमतेम चौदा महिन्यांचा होता, म्हणजे ऐन दांडगाईच्या वयाचा. त्या दिवसांत आणि पुढे नोकरीभर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुंगून काढले. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

"त्याला काय पळून पळून सापडला माल?" आबा म्हणाले. "नाकानं सापडला. आणि पोलीस त्याला दिवसभर जुंपून ठेवत नव्हते. थोडं काम, मग सोडायचा, पाणी, सावली. तुमच्या टर्बोला पाय आहेत हे तुम्ही ओळखलंत. नाक आहे हे विसरलात."

तेव्हापासून टर्बोचा पहाटेचा फेरा नातीकडे आला. तिला मोजून एकच गोष्ट सांगितली होती: दोरी ताणली की पुतळा व्हायचं. पहिल्या दिवशी चाळीच्या दारापासून पानवाल्यापर्यंत जायला अर्धा तास लागला. नात रडकुंडीला आली. वरून गॅलरीतून साहेब ओरडले, "ओढ त्याला! मागे खेच!" आबांनी त्यांना थांबवलं आणि साच्यावरची गोष्ट सांगितली.

"साच्यावर शेकडो चात्या एकदम फिरत असतात. तार तुटली की नवखा तारवाला घाबरतो, ओढायला जातो. ओढलेली तार पुन्हा तुटते, आणि घाईत शेजारची पण जाते. जुना माणूस काय करतो? बाकीचा साचा चालू देतो. तेवढी एक चाती गुडघ्यानं दाबून थांबवतो, टोक शोधतो, आणि चिमटीत धरून हलकेच टेकवतो. तार आपली आपण धरते. दिवसात कितीदा तुटते याची मोजदाद कुणी ठेवत नाही. तुटली की जोडायची, एवढंच काम. पोरा, ओढून जोडलेली तार मी आजवर बघितली नाही."

साहेबांच्या लक्षात आलं की आबांनी त्यांना आज पहिल्यांदा 'पोरा' म्हटलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. टर्बो तोवर शहाणा झाला होता का? नाही. दिवाळीच्या फटाक्यांत त्यानं न्हाणीघराचं दार ओरबाडलं. कांडीनं फराळाच्या डब्याचं झाकण चावून वाकडं केलं. पण नोव्हेंबर सरता सरता बदल दिसू लागला. लिफ्टमध्ये टर्बो आपण होऊन कोपऱ्यात बसू लागला. हाक मारली की कान हलवून दुसरीकडे बघायचं बंद झालं. आधी दहातून चारदा आला, मग सातदा. घरी आल्यावर चेंडू शोधण्याऐवजी तो गॅलरीच्या काचेशी जाऊन पडू लागला आणि खालची वाहतूक बघत बघत झोपू लागला. वर्षाचा झाला तेव्हा वहिनींनी पुन्हा एकदा त्याचा व्हिडिओ माहेरी पाठवला. त्यात तो काहीच करत नव्हता, नुसता झोपला होता.

साहेब आबांसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "आबा, तुमच्यामुळे झालं."

"अर्धं त्याच्या वयामुळे झालं," आबा म्हणाले. "डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. आणि उरलेल्या अर्ध्यातलं निम्मं माझ्या गुडघ्यांमुळे. खोटं कशाला बोलू? माझे पाय धड असते तर मीसुद्धा कांडीला राणीच्या बागेपर्यंत पळवली असती आणि वर लोकांना सांगितलं असतं, बघा, किती मेहनत घेतो! गुडघ्यांनी मला थांबवलं, मी थांबलो म्हणून ती थांबली. तुम्हाला थांबवायला हाड मोडावं लागलं, एवढाच फरक."

त्या जानेवारीत डॉक्टरांनी परवानगी दिली नाही म्हणून साहेब मॅरेथॉन धावले नाहीत. पुढच्या वर्षी धावले. टर्बोचे सांधे पक्के झाल्यावर त्यालाही ते आठवड्यातून दोनदा सीफेसला नेऊ लागले. दोन-तीन किलोमीटर, दोघांच्या मजेपुरते. पळण्यात वाईट काही नव्हतंच. ते औषध म्हणून पाजलं गेलं, तिथे सगळं बिनसलं होतं.

टॉवरमध्ये ही हकिगत पसरली, तशी अकराव्या मजल्यावरच्या एक बाई वहिनींना येऊन भेटल्या. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. आठवीतला मुलगा होता. शाळा सुटली की गणिताचा क्लास, त्यानंतर फुटबॉल, त्यानंतर कीबोर्ड, रात्री गृहपाठ. "रिकामा ठेवला की उपद्व्याप करतो हो," त्या म्हणाल्या, "आणि एवढं करूनही रात्री बारापर्यंत झोपत नाही. दारं आपटतो. तुमच्या त्या ट्रेनरचा नंबर देता का?"

वहिनींनी ट्रेनरचा नंबर दिला नाही. चाळीचा पत्ता दिला, आणि येताना फोन घरी ठेवून यायला सांगितलं.

तात्पर्य: वाढत्या वयाची रग दमवून जिरत नाही. दमवलं की दम वाढतो आणि रग आहे तिथेच राहते. तिला रोज थोडं डोक्याचं काम द्यावं, भरपूर झोप द्यावी, ओढाओढ झाली की आपण उभं राहावं, आणि स्वस्थ बसण्याची किंमत तिला आपल्या बसण्यातून कळू द्यावी. उरलेलं काम वय करतं. मात्र तोवर दोरीचं दुसरं टोक धरून कुणीतरी तिथे बसलेलं असावं लागतं.